शब्दाला काय पैसे पडतात का?

...शी! शी शी शी! किळस येते हो मला, अक्षरशः किळस! हा कागद बघा. नाही नाही, धरा हातात, चावत नाही. काय लिहिलंय? वाचता येतंय? नाही ना? मलाही येत नाही. आणि लिहिलंय कुणी, तर माझ्या पोटच्या पोराने! ज्याला मी मांडीवर बसवून अक्षरं गिरवायला शिकवली, त्याने अमेरिकेतून लिहिलंय, 'एच-डब्ल्यू आर यू, बी-बी-ए.' बी-बी-ए म्हणजे कोण? मी! मी बी-बी-ए! म्हणजे बाबा! अहो, इंग्रजीत उणापुरा चार अक्षरांचा बाप, त्यातलंही एक अक्षर या मुलाने गिळलं! अरे प्रसाद, बापाला पूर्ण 'बाबा' लिहायला तुझ्या बोटाला फोड आलाय का? शब्दाला काय पैसे पडतात का?

बसा हो, बसा, कुठे उठताय, शेठचं बोलावणं अजून तासभर येत नाही. तुम्हीही फ्लॅटसाठीच ना? सिल्वासाच्या या आमलीत हल्ली जो तो फ्लॅटसाठीच बसलेला असतो. मी सकाळी दहापासून बसलोय, बिल्डरशेठ आतून डोकावतो, 'काका, बेसो ने, पाच मिनिट,' म्हणतो आणि परत आत जातो. आणि समोर तो बोर्ड बघा, काय लावलाय! 'वन आर-के, वन बी-एच-के.' हे घर आहे की रसायनशास्त्राचा पेपर? परवा मी विचारलं, शेठ, आर-के म्हणजे काय, तर म्हणाला एक रूम आणि किचन. आणि बी-एच-के म्हणजे त्यात झोपायची एक खोली जास्त. मग तसं लिही की बाबा बोर्डावर! मोठ्या अक्षरात लिही, 'झोपायची खोली'! माणसाला आत शिरावंसं तरी वाटेल!

तर मी काय सांगत होतो... हां, मी कोण ते राहिलंच. मी जयवंत. इथे सगळे तारकाका म्हणतात, कारण पंचवीस वर्षं मी सिल्वासात तारमास्तर होतो. मूळचा मी खेडचा, बदलीवर इथे आलो तेव्हा या आमलीत संध्याकाळी कोल्हे ओरडायचे, आता कारखान्यांचे भोंगे ओरडतात. गेल्या महिन्यात निवृत्त झालो. सरकारी क्वार्टर सोडायचंय, म्हणून हा फ्लॅट. आणि फ्लॅटचं घोडं अडलंय ते आमच्या चिरंजीवांपाशी. तो येणार असेल तर झोपायची खोली जास्त हवी. येणार नसेल तर आम्हा दोघांना आर-के पुष्कळ. आता तो तिकडे काय करतो? दोन हजार साल उजाडलं की म्हणे जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार, ते पडू नयेत म्हणून हा तीन वर्षांपूर्वी गेला. त्या कामाचं नाव, तुम्हाला सांगतो, वाय-टू-के! बघा! नोकरीचं नावसुद्धा तोकडं! आणि जाताना एअरपोर्टवर स्वतःच्या तोंडाने, पूर्ण वाक्यात म्हणाला होता, 'आई, दोन हजार साल आलं की काम संपलं, मी परत.' आता डिसेंबर लागलाय. मी बापडा विचारतोय, येणार की नाही? एका ओळीत सांग. हो किंवा नाही. तर उत्तर काय? 'विल सी.' आणि ते सी म्हणजे डोळ्यांनी बघणं नव्हे, नुसतं सी! सीताफळातला सी!

हां, आता तुम्ही म्हणाल, तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय मला, सगळे हेच म्हणतात, 'तारकाका, तुम्ही तरी आयुष्यभर दुसरं काय केलंत? शब्दच कापलेत ना?' कापले! नाही कोण म्हणतो? पण का कापले? तारेत शब्दाला पैसे पडायचे हो! माणूस खिडकीशी आला की मी आधी त्याचं तोंड बघायचो, मग त्याचा खिसा, आणि मग त्याचा मजकूर तासायला घ्यायचो. एकदा गलोंड्याच्या कारखान्यातली बायडाबाई आली, शहाद्याकडची, दोरा गुंडाळायच्या खात्यात होती. वीस मिनिटं बोलत होती. आईला कसा ताप आला, वैद्याने काय दिलं, भाऊ नाशिकला कसा रागावून बसलाय, आईने त्याचं नाव कितीदा घेतलं... आणि नुसती घळाघळा रडत होती. मी सगळं ऐकलं आणि लिहिलं, 'आई गंभीर. ताबडतोब ये.' चार शब्द! वाचून दाखवलं. ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, 'एवढंच? मास्तर, मी एवढी रडले ते कुठं हाय यात?' मी म्हटलं, बाई, रडण्याचेही शब्द होतात, आणि शब्दाला पैसे पडतात. भाऊ दुसऱ्या दिवशी हजर झाला की नाही? झाला! याला म्हणतात कापणं. शिंप्याने कापड कापावं तसं. आणि हे हल्लीचं? हे उंदराने कुरतडल्यासारखं! मेल फुकट, अक्षरं फुकट, तासाला कॅफेवाल्याचे काय ते द्यायचे, मग त्यात एक शब्द लिहा नाहीतर हजार लिहा. आणि हे लिहितात एक! तोही अर्धा! अरे, तुम्हाला शब्दाला काय पैसे पडतात का?

तर तो कॅफे. आपल्या ललितचा हो, किलवणी रोडचा. चोपड्याकडचा पोरगा, आधी यार्नच्या कंपनीत शिफ्ट करायचा, मग एसटीडीचा बूथ टाकला, मग झेरॉक्स, आणि आता त्याच आठ बाय दहाच्या खोलीत दोन कॉम्प्युटर बसवून दारावर लिहिलंय 'सायबर'. तिथे बसते त्याची बायको, सोनम. हुशार हो पोरगी! नवरा फक्त वायरी जोडतो, सगळा कारभार हिचा. तीच माझे मेल उघडते, छापून देते आणि त्या कुरतडलेल्या अक्षरांचा अर्थही सांगते. आणि ते उघडण्याआधी फोन जोडताना त्या यंत्राचा आवाज ऐकलाय तुम्ही? किर्र... टॅंव टॅंव... खर्रर्र... पहिल्या दिवशी मी सवयीने कागद-पेन्सिल घेऊन कान लावून बसलो, म्हटलं काहीतरी येतंय लाइनवर, उतरवून घ्यावं. सोनम म्हणते, 'तारकाका, काय लिहून राहिले तुम्ही? ते काही बोलत नाही, ते नुसतं वरडतं!'

मग म्हणाली, काका, तुम्ही च्याट करा, म्हणजे समोरासमोर बोलल्यासारखं होतं. ठीक आहे, म्हटलं करू. तर आधी सरावासाठी म्हणून तिने मला एका खोलीत सोडलं. खोली म्हणजे खरी नाही, कॉम्प्युटरातली. आत गेलो रे गेलो की एक कुणीतरी अंगावर आला, 'ए-एस-एल?' नमस्कार नाही, राम राम नाही, एकदम ए-एस-एल! सोनम म्हणाली, वय, बाई की पुरुष आणि राहता कुठे, असं विचारतोय. आता हे विचारायची काही रीत आहे की नाही? शिरगणतीवाला आला तरी आधी दाराची कडी वाजवतो! तरी मी सभ्य माणूस, खरं ते लिहिलं. साठ, पुरुष, सिल्वासा. पळाला! जो पळाला तो परत दिसला नाही. अरे, निदान 'बरं काका, येतो' म्हण! तेवढ्याला काय पैसे पडतात का?

असो. मग रविवारी सकाळी नऊला प्रसादशी च्याट ठरलं. त्याच्याकडे आदली रात्र. आमची रजनी, म्हणजे बायको माझी, सहा वाजल्यापासून तयार. चांगली नारायणपेठी नेसली, केसात अबोली. मी म्हटलं, अगं, तो दिसत नाही त्यात, नुसती अक्षरं येतात. तर म्हणते, 'तो मला दिसणार नाही हो, पण मी त्याला दिसले तर?' आणि पिशवीत नारळाच्या वड्यांचा डबा! म्हटलं हे कुणाला? तर म्हणाली, 'असू दे, ती सोनम खाईल.' गुडघा धरून धरून रिक्षातून उतरली आणि त्या प्लास्टिकच्या खुर्चीत, तुम्हाला सांगतो, ती अशी सावरून बसली, जशी काही फोटो काढून घ्यायलाच आलीय.

सुरू झालं. रजनी म्हणाली, विचारा, जेवलास का. सोनमने टाइप केलं. तिकडून, 'वाय.' वाय? सोनम म्हणते, वाय म्हणजे येस. अरे, 'येस' हाच मुळात तीन अक्षरांचा शब्द, त्याची शेपूट कशाला छाटतोस! रजनी म्हणाली, विचारा, काय जेवलास. 'एस-डी-डब्ल्यू-एच.' आता हे काय खातात तिकडे? तर सँडविच! रजनीचा चेहरा उतरला. म्हणे, रात्रीच्या जेवणाला पाव? तेही अर्धवट लिहिलेला? मग मी म्हटलं, आता पुरे, मुद्द्याचं विचार. सोनम, लिही, 'प्रसाद, जानेवारीत काम संपतंय, तू परत येतोयस ना? फ्लॅटचं ठरवायचंय. शेठ डिसेंबरच्या पुढे थांबणार नाही.' पाठवलं. तिकडे सामसूम. आम्ही तिघं त्या काचेकडे बघतोय. रजनीने माझा हात धरला होता. आणि आली तीन अक्षरं, 'बी-आर-बी.'

रजनी म्हणाली, 'येतोय म्हणतो का हो?' सोनम म्हणाली, 'नाही काकू, थोडा वेळ थांबा, आत्ता आलो, असं म्हणतोय.' थांबलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं... चाळीस मिनिटं थांबलो! आम्ही दोघं म्हातारे एका काचेसमोर बसलोय आणि मागे एसटीडीच्या रांगेतला एक जण दुसऱ्याला सांगतोय, 'कोणी ऑफ झाला वाटते.' रजनीने डबा उघडला, सोनमला दोन वड्या दिल्या, त्या रांगेतल्यांना दिल्या, डबा संपला तरी हा आलोच म्हणणारा येईना. शेवटी सोनमच म्हणाली, 'काकू, त्याची लाइन गेली वाटते.' लाइन! चाळीस वर्षं मी लाइनी जोडल्या हो, लाइन गेली तर कळतं मला! लाइन गेली नव्हती, हा उठून गेला होता! आणि दुसऱ्या दिवशी मेल काय, 'एस-ओ-आर-वाय, जी-टी-जी, टी-टी-वाय-एल, टी-सी.' म्हणजे म्हणे माफ करा, जावं लागलं, नंतर बोलू. छाप, म्हटलं सोनम, हे छापून दे, मी जपून ठेवतो, पुढे कधी वेड लागलं तर डॉक्टरला दाखवायला. आणि शेवटचं टी-सी म्हणजे काय? 'टेक केअर.' काळजी घे! अहो, काळजी घे! जन्मदात्या आईला काळजी घे म्हणायचं, त्यात कसली आलीय घाई? दोन अक्षरं फेकून मोकळा! टी-सी! शाळा सोडल्याचा दाखला आहे का तो? रजनीने तर रविवारीच घरी येऊन नारायणपेठीची घडी घातली आणि ट्रंकेत ठेवून दिली.

आता पुढचं ऐका, हसू नका मात्र. मी एक लांबलचक मेल धाडला. आईचा गुडघा, क्वार्टरची मुदत, सगळं. त्याचं उत्तर आलं, 'ओ-के बी-बी-ए,' आणि त्याच्यापुढे... त्याच्यापुढे, तुम्हाला सांगतो, दोन टिंबं, एक रेघ आणि एक कंस. मी बघतच राहिलो. अहो, टिंब-टिंब-रेघ! हे काय आहे, ठाऊक आहे? ही तारेची भाषा आहे! टिंब-टिंब-रेघ म्हणजे 'यू'! प्रसाद पाच वर्षांचा असताना मी त्याला जेवायला बसलो की चमच्याने ताटावर शिकवायचो. कट्ट-कट्ट-कडाट! सांग काय? 'यू!' शाब्बास! रजनी ओरडायची, ताटाला पोचे पडतील. आणि तीन वर्षं अमेरिकेत राहून पोरगा ते विसरला नाही! तो कंस काय असेल याचा विचार केला, म्हटलं खरखराट असेल लाइनीवरचा, आमच्या वेळी यायचा तसा. पण 'यू' होता नक्की. म्हणजे तू, म्हणजे तुम्ही, म्हणजे पोराला काहीतरी म्हणायचंय, तुमची आठवण येते असं काहीतरी, आणि इंग्रजीत लिहायला लाज वाटतेय म्हणून बापाच्या भाषेत सुरुवात केली. मी दुकानातच उभा राहिलो. सोनमला म्हटलं, ऊठ, बाजूला हो, आज मी टाइप करणार.

आणि केलं. एका बोटाने. नुसती टिंबं आणि रेघा. 'कम होम.' घरी ये. दोनच शब्द, सवय हो! पण एकेक अक्षर पूर्ण, एक टिंब कुठे गाळलं नाही. एचची चार टिंबं म्हणजे चार! सोनम मागून म्हणते, 'तारकाका, काय टिंबं टिंबं करून राहिले? बटण अडकलं का?' मी म्हटलं, गप. पाठवलं. घरी गेलो, रजनीला सांगितलं, तिने त्या दिवशी वरणभातावर घरचं तूप वाढलं मला, जे डॉक्टरने बंद केलंय.

दोन दिवसांनी उत्तर. 'बी-बी-ए, के-बी-डी खराब? एल-ओ-एल.' के-बी-डी म्हणजे कीबोर्ड. त्याला वाटलं ललितचा कीबोर्ड बिघडलाय! आणि एल-ओ-एल म्हणजे? सोनम खाली बघून म्हणाली, 'काका... मोठ्याने हसणे.' आणि मग हळूच म्हणाली, 'ते आधीचं पण ना, टिंबांचं, ते तुम्ही मान वाकडी करून पाहा बरं.' मी केली मान वाकडी. 'अजून डावीकडे. दिसलं? दोन डोळे, नाक, तोंड. तो हसून राहिला.' हसतोय? मी म्हटलं, कशावर हसतोय? आईचा गुडघा दुखतो असं मी लिहिलं, त्यावर हसतोय? साठ वर्षांच्या माणसाने मान मोडून घ्यायची, कशासाठी, तर पोरगा दात काढतोय ते बघायला! अरे, हसू आलं तर 'हसू आलं' असं लिही! दोन शब्द आहेत! शब्दाला काय पैसे पडतात का? मी त्या दिवशी दुकानात ओरडलो, खोटं कशाला सांगू, चांगला ओरडलो. सोनमला म्हटलं, लिही त्याला, 'यापुढे मला पूर्ण पत्र पाठवायचं. पूर्ण शब्द, पूर्ण वाक्यं. तीर्थरूपपासून सुरुवात. नाहीतर पाठवू नकोस.' तिने लिहिलं. वर तिला म्हटलं, खाली ते टिंब-टिंब काढू नकोस!

...येऊ शेठ? नाही? अजून पाच मिनिटं? बरं.

मग तीन आठवडे काहीच नाही. मी रोज फेरी मारायचो. सोनम लांबूनच मान हलवायची. रजनी घरात बोलून दाखवायची नाही, पण क्वार्टरमधलं सामान बांधताना प्रसादची पुस्तकं एका खोक्यात भरून तिने वर लिहिलं, 'प्रसादची खोली'. मी म्हटलं, अगं, आधी खोली तरी होऊ दे. आणि गेल्या गुरुवारी गेलो तर सोनम दारातच उभी. 'तारकाका! आलं! दोन पानं आलं! एक पण शॉर्टकट नाही!' अहो, मी तिच्या हातातून कागद ओढून घेतला. पहिली ओळ, इंग्रजी अक्षरांत पण अस्सल मराठीत, 'तीर्थरूप बाबा आणि सौ. आई यांस प्रसादचा साष्टांग नमस्कार.' साष्टांग! पूर्ण! मला काय झालं होतं ते माझं मला माहीत, तिथे एसटीडीच्या बाकावर झुंबर म्हणून एक बसला होता, डाइंगवाला, आणि दोघं-तिघं, मी त्यांना म्हटलं, ऐका रे, याला म्हणतात पत्र! आणि सुरू केलं मोठ्याने वाचायला. छाती काढून!

'बाबा, तुम्ही रागावलात ते बरोबर आहे. तुमचा तो टिंबांचा मेल मी हसण्यावारी नेला. परवा गाडीत सिग्नलला थांबलो होतो आणि बोटं स्टीअरिंगवर आपोआप वाजत होती, तसं वाजवत वाजवत एकदम लक्षात आलं. घरी जाऊन तुमचा मेल परत उघडला आणि ताटावर चमचा घेऊन एकेक अक्षर वाजवलं.' झुंबर म्हणाला, 'लई भारी लिवलं भो!' मी म्हटलं, गप, पुढे ऐक. 'बाबा, लहानपणी मी शाळेतलं काही सांगायला लागलो की तुम्ही म्हणायचात, प्रसाद, शब्द मोज, मुद्द्याचं बोल. तेव्हापासून मला लांबलचक बोलायची भीतीच वाटते. पण आज सगळं लिहितो. तुम्ही घरी ये लिहिलंत. बाबा, मला...'

तिथे थांबलो. पुढची ओळ मी डोळ्यांनी आधी वाचली होती ना. चाळीस वर्षांची सवय, तोंड एका शब्दावर असलं तरी डोळे पाच शब्द पुढे असतात. झुंबर म्हणतो, 'वाचा ना काका, थांबले काहून?' मी म्हटलं, लाइन तुटली. अहो, कागद होता हातात! कागदाची कसली लाइन तुटते? पण एकानेही मला विचारलं नाही.

दीड पान राहिलं होतं. सगळं पूर्ण शब्दांत. तिथे कायमचं राहायचं ठरवलंय, कंपनीने कागद केलेत, तीन महिन्यांपूर्वीच ठरलं होतं. 'लिहायला घेतलं की हात थांबायचा, म्हणून विल सी लिहून पळायचो. त्या रविवारी च्याटवरून उठून गेलो आणि बाहेर पायरीवर बसलो होतो. तुम्ही आर-के घ्या बाबा, आईला लादी पुसायला कमी पडेल.' आणि शेवटी, 'आपला आज्ञाधारक पुत्र, प्रसाद.' प्रसादची इंग्रजीतली सहाही अक्षरं तिथे जागच्या जागी. एक शब्द तोडलेला नाही. मीच मागितलं होतं ना पूर्ण? घ्या पूर्ण!

सोनम म्हणाली, 'काका, उत्तर काय लिहू?' मी खुर्चीवर बसलो. मनात म्हटलं, आता मीही दोन पानं लिहितो. असा लिहितो की... सुरुवात केली, 'प्रिय प्रसाद, तुझं पत्र...' मग म्हटलं, खोड. 'प्रिय प्रसाद, तू...' खोड. एकेक शब्द तोंडाशी आला की असा जड व्हायचा, बाहेर पडायचाच नाही. सोनमची बोटं आपली बटणांवर तयार. मागे रांग. मी म्हटलं, लिही... टी-सी. 'एवढंच?' सोनम म्हणाली. तुम्हाला सांगतो, अगदी त्या बायडाबाईच्या सुरात म्हणाली. मी म्हटलं, एवढंच. पाठव.

घरी रजनी दारातच. 'आलं ना? सोनमचा नवरा सांगून गेला, दोन पानी आलंय म्हणे. काय म्हणतो?' मी चपला काढल्या. म्हटलं, तब्येत बरी आहे. साष्टांग नमस्कार लिहिलाय. 'आणि येण्याचं?' मी म्हटलं, विल सी म्हणतो. ती बघत राहिली माझ्याकडे. म्हणाली, 'दोन पानांत एवढंच? अहो, सगळं सांगा की. शब्दाला काय पैसे पडतात का?' मी आपला पाय धुवायला मोरीत गेलो. बराच वेळ धूत होतो.

जेवायला बसलो. ती वाढत होती. म्हणाली, 'वाईट तार आली की तुम्ही ऑफिसातून येऊन असेच पाय धूत बसायचात. लोकांच्या तारा होत्या तेव्हाही.' तिने माझ्या ताटात भात घातला, भाताचा चमचा ताटाच्या कडेला वाजला, आणि दोघंही त्या आवाजाकडे बघत बसलो. मग म्हणाली, 'सोमवारी जा त्या शेठकडे. आर-के घ्या.' आर-के! माझी बायको, जी 'टीव्ही'ला अजून 'दूरदर्शन' म्हणते, ती म्हणाली, आर-के! आणि उठून त्या खोक्यावरचं 'खोली' तेवढं खोडून आली, 'प्रसादची' राहू दिलं.

...हो शेठ, आलो, आलो! बघा, झालं एकदाचं बोलावणं. सरका हो जरा, गुडघा माझाही... काय म्हणता शेठ? 'काका, बोलो, सूं लखूं?' लिहा, वन आर-के. काय? फॉर्मवर पूर्ण लिहायचं, खोली किती, माणसं किती, मुलगा राहणार की नाही, त्याचं कारण काय? नको हो शेठ, नको. आर-के लिहा नुसतं. पूर्ण नका लिहू... शब्दाला पैसे पडतात.